ट्रेकचा वॉटर फिल्टर निवडताना टीडीएस मीटर घरीच ठेवा

ट्रेकसाठीचा छोटा फिल्टर हातात घेतला की पुण्यातला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, "याने टीडीएस कितीवर येतो?" घरोघरी आरओ बसले, खिशात मावणारे मीटर ऑनलाइन मिळू लागले, आणि आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध असं डोक्यात पक्कं बसलं. टीडीएस मोजतो पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्याला दिसत नाहीत. पावसाळ्यात घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या ओढ्याचा टीडीएस शंभराच्या खालीही असू शकतो आणि त्याच ओढ्यात वरच्या बाजूला गुरं बसलेली असतात. उलट वाघोली-हडपसरकडच्या एखाद्या जड पाण्याच्या बोअरचा आकडा कितीतरी वर जाईल, पण पोट बिघडेलच असं नाही. बाटलीवर किंवा पिशवीवर लावायचा कुठलाही फिल्टर क्षार काढत नाही, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ते काढायची गरजही नसते. तिथे अडवायचे असतात ते जंतू, म्हणजे निवड करायची ती त्यांच्या आकारावरून.

सगळ्यात मोठे परजीवी. जिआर्डियाची पुटी (कवचातली अवस्था) साधारण ८ ते १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६ मायक्रॉनची. त्याखाली जिवाणू: ई. कोलाय सुमारे अर्धा मायक्रॉन जाड आणि दोन मायक्रॉन लांब. सगळ्यात बारीक विषाणू. हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस ई आणि नोरोव्हायरस हे ०.०३ मायक्रॉनच्या आसपास, रोटाव्हायरस थोडा मोठा. बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या फिल्टरमध्ये पोकळ तंतूंचा जुडगा असतो आणि त्या तंतूंची छिद्रं ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची असतात. परजीवी आणि बहुतेक जिवाणू त्यात अडकतात, विषाणू आरामात पलीकडे जातात. खोक्यावर '९९.९९९९९ टक्के' छापलेलं असतं ते जिवाणूंबद्दल. विषाणूंचा उल्लेख आहे का ते बारीक अक्षरात शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो नसतोच.

इंटरनेटवरची अमेरिकन परीक्षणं वाचून खरेदी केली की इथेच गल्लत होते. तिकडच्या डोंगरात वरच्या अंगाला वस्ती नसते, त्यामुळे माणसाच्या मैल्यातून येणाऱ्या विषाणूंचा धोका कमी धरतात आणि ०.१ मायक्रॉनचा फिल्टर एकटा पुरतो असं लिहितात. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी वाडी, वाडीच्या वर गुरं आणि शनिवार-रविवारी गडावर शेकडो माणसं, त्यातली काही मुक्कामाला. गडावर शौचालयाची सोय किती असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी मिसळलेलं यमुनेचं पाणी शहराच्या नळांत गेलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे ती हिपॅटायटिस ई ची साथ ठरली. त्या पाण्यात क्लोरीन घातलेला होता, त्यामुळे टायफॉइड वाढला नाही, कावीळ मात्र पसरली. विषाणूकडे दुर्लक्ष करू नये, आणि गोळी टाकताना माप आणि वेळ यांत काटकसर करू नये, हे दोन्ही त्यातून दिसतं.

घराजवळचं उदाहरण जानेवारी २०२५ चं. सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गियां-बारे सिंड्रोमचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. कॅम्पिलोबॅक्टर मळसूत्रासारखा आणि बारीक असतो. प्रयोगशाळेत त्याला इतर जिवाणूंपासून वेगळं करायला ०.४५ किंवा ०.६५ मायक्रॉनचा पडदा वापरतात, कारण तो त्यातून निसटतो. म्हणून '०.५ मायक्रॉन' लिहिलेली स्वस्त बाटली पाहिली की ती खाली ठेवायची. लेप्टोस्पायरा, म्हणजे लेप्टोचा जिवाणू, त्याहून सडपातळ, जाडी ०.१ मायक्रॉनच्या आसपास, ०.२ च्या पडद्यातूनही पार होऊ शकतो. भातखाचरांतून चालताना तो मुख्यतः पायाच्या जखमेतून शिरतो, पण खाचराशेजारचं पाणी भरताना ही गोष्ट लक्षात असावी.

त्यामुळे पुण्याहून ट्रेकला जाणाऱ्याने आपली निवड 'कुठला फिल्टर' इथे सुरू करू नये. फिल्टरनंतर विषाणूंचं काय करणार, हे आधी ठरवावं. उत्तरं तीनच आहेत: क्लोरीनची गोळी, अतिनील दिवा, किंवा विषाणूही पकडणारा पूर्ण प्युरिफायर. उकळणं हे चौथं, आणि सगळ्यात खात्रीचं. एक मिनिट खळखळून उकळलं की काम झालं. तीन मिनिटांचा नियम दोन हजार मीटरच्या वरचा. कळसूबाई १६४६ मीटर आहे, तेव्हा महाराष्ट्रात तो कुठेच लागू होत नाही. उकळण्याची अडचण इंधनाची. गॅसच्या छोट्या शेगडीवर एक लिटर उकळायला दहा-पंधरा ग्रॅम गॅस जातो, वारा असेल तर जास्त. २३० ग्रॅमच्या डब्यात पंधरा-वीस लिटर निघतं, चार जणांचं दोन दिवसांचंही भागत नाही. म्हणून चहा-मॅगीचं पाणी उकळून होतंच, प्यायच्या पाण्याला दुसरी सोय लागते.

आमची नेहमीची जोडी अशी: ०.१ मायक्रॉनचा, पिशवी पिळून वापरायचा फिल्टर आणि क्लोरीन सोडणाऱ्या एनएडीसीसी गोळ्या. फिल्टर ५५ ते ९० ग्रॅमचा, गोळ्यांच्या पट्टीला वजनच नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाळायचं, मग गोळी. फिल्टरने माती आणि सेंद्रिय कचरा काढला की क्लोरीन त्यात वाया जात नाही. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरीनने जवळपास काही होत नाही, तो फिल्टरच अडवतो. विषाणूंवर आणि लेप्टोसारख्या निसटलेल्या जिवाणूंवर क्लोरीन चालतो. दोघं एकमेकांची भोकं बुजवतात.

गोळीच्या पाकिटावर किती लिटरसाठी आहे ते वाचा. ८.५ मिलिग्रॅमची गोळी एका लिटरसाठी, ६७ मिलिग्रॅमची वीस लिटरसाठी. आपत्तीत वाटल्या जाणाऱ्या गोळ्या वीस लिटरच्या कळशी-बादलीसाठी असतात. ती एक गोळी बाटलीत टाकली तर पाणी तोंडात धरवणार नाही. टाकल्यावर ३० मिनिटं थांबायचं. पाणी बर्फाळ गार असेल, हिमालयात असतं तसं, तर तासभर. अर्ध्या तासानंतर झाकण उघडल्यावर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. अजिबात आला नाही तर पाण्यातल्या घाणीनेच सगळा क्लोरीन खाल्ला, दुसरी गोळी टाकून पुन्हा अर्धा तास. गोळी विरघळली की बाटली उलटी करून झाकण किंचित सैल सोडायचं, म्हणजे आट्यांत अडकलेलं कच्चं पाणीही धुऊन निघतं. ही पायरी जवळपास सगळे गाळतात. ओठ नेमके तिथेच लागतात.

आणखी एक सवय मोडायला हवी. क्लोरीनचा वास नको म्हणून गोळीबरोबरच लिंबू पिळतात, नाहीतर संत्र्याच्या चवीची पावडर घालतात. व्हिटॅमिन सी क्लोरीनला तिथल्या तिथे निकामी करतं. वास जातो, पण काम व्हायच्या आधीच जातो. सरबत करायचं ते अर्ध्या तासानंतर, तेव्हा तीच गोष्ट फायद्याची.

फिल्टरमध्ये कोळसा असेल तर मात्र गोळी फिल्टरनंतरच. आधी टाकली आणि पाणी लगेच कोळशातून काढलं, तर विषाणू मरायच्या आत क्लोरीन कोळशात अडकतो.

अतिनील किरणांच्या पेनसारख्या उपकरणाला एका लिटरला दीड मिनिट लागतं, चव बदलत नाही, आणि जिवाणू, विषाणू, परजीवी तिन्हींवर चालतं. ऐकायला आदर्श. पण पाणी नितळ हवं, कारण मातीच्या कणाआड जंतू सावलीत राहतो. जुलै-ऑगस्टमधल्या ओढ्याच्या गढूळ पाण्याला त्याचा काही उपयोग नाही. बाटलीचं तोंड रुंद लागतं, पाणी सतत ढवळावं लागतं, आणि बॅटरी संपली की हातात काचेची नळी उरते. हॉटेल, धर्मशाळा, परगावचा नळ, जिथे पाणी दिसायला स्वच्छ पण भरवशाचं नाही, तिथे तो उत्तम.

दाबून वापरायच्या प्युरिफायर बाटल्या, उदाहरणार्थ ग्रेल जिओप्रेस, विषाणूही पकडतात. बाहेरच्या भांड्यात कच्चं पाणी घ्यायचं, आतलं भांडं वरून शरीराच्या भाराने दाबायचं, आठ-दहा सेकंदांत ७१० मिली तयार. थांबणं नाही, गोळी नाही. वजन साधारण ४५० ग्रॅम, आणि कार्ट्रिज २५० लिटरचं. हिशोब करून बघा: माणशी दिवसाला साडेतीन लिटर धरलं तर चौघांच्या दोन दिवसांना २८ लिटर, म्हणजे एक कार्ट्रिज अशा नऊएक ट्रेकना पुरेल, तेही पाणी स्वच्छ असेल तर. कार्ट्रिज उलट्या दिशेने पाणी सोडून धुता येत नाही. गढूळ पाणी तीन-चार वेळा घातलं की दाबायला दोन माणसं लागतात. एकट्या-दुकट्याला, विशेषतः शहरांच्या प्रवासाला, हा प्रकार चांगला. आठ जणांच्या गटाला एक बाटली घेऊन पाणी पुरवत बसणं म्हणजे शिक्षा. पंपाचे ०.०२ मायक्रॉनचे प्युरिफायरही मिळतात, पण ते महाग आणि अर्धा किलोचे. लांबच्या मोहिमेला ठीक.

तोंडाने ओढायची नळी स्वस्त आणि हलकी, म्हणून भेट द्यायला लोकांना आवडते. तिने बाटली भरता येत नाही. गडावरच्या दगडी टाक्याच्या काठावर पालथं पडून पाणी ओढायचं, मग पुढच्या टाक्यापर्यंत तहानलेलं चालायचं. आणीबाणीसाठी सॅकच्या कप्प्यात असू दे.

आता पाणी कुठलं घ्यायचं. चांगलं पाणी निवडलं तर फिल्टरचं निम्मं काम हलकं होतं, म्हणून या भागाकडे दुर्लक्ष करू नये. गडांवरच्या टाक्यांत खांब टाकी, म्हणजे खडकात खांब राखून आत कोरलेली टाकी, ही पहिली पसंती. छताखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे शेवाळ कमी धरतं आणि पाणी गार राहतं. शिवनेरीची गंगा-जमुना, सिंहगडावरचं देवटाकं ही पिढ्यान्‌पिढ्या प्यायच्या पाण्याची म्हणून राखलेली. चावंडला सात टाकी ओळीने खोदलेली आहेत, पण ओळीतली सगळी सारखी नसतात. कचरा, कपडे धुतल्याच्या खुणा, उतरायला सोपा काठ असलेलं टाकं सोडून द्यायचं. गडावर किंवा पायथ्याला घर असेल तर सरळ विचारावं, "मावशी, तुम्ही प्यायचं पाणी कुठल्या टाक्यातलं भरता?" नकाशावरच्या खुणेपेक्षा हे उत्तर खात्रीचं. गावात हापसा असेल तर उघड्या विहिरीपेक्षा तो बरा. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं, पण कधी पडलं ते विचारल्याशिवाय कळत नाही. आपली गोळी चुकवू नये.

मार्चनंतर टाकी आटतात आणि उरलेल्या पाण्यावर हिरवा-निळसर तवंग येतो. तो साध्या शेवाळाचा नसून सायनोबॅक्टेरियाचा असेल तर त्यांचं विष पाण्यात विरघळलेलं असतं. ते तंतूच्या फिल्टरने अडत नाही, उकळूनही जात नाही. अशा पाण्याला हात लावायचा नाही, खालून दोन-तीन लिटर जास्त वाहून न्यायचं. कारखान्यांचं किंवा शहराचं सांडपाणी मिसळलेल्या नदीचंही तेच. मुळा-मुठेच्या शहराखालच्या पाण्यावर कुठलंही खिशातलं यंत्र आजमावू नये.

पावसाळ्यातल्या लाल-तपकिरी पाण्यात फिल्टर तुंबतो, आणि सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात. पाणी थेट घालायचंच नाही. चार पदरी घडी केलेल्या जुन्या सुती कापडातून आधी गाळायचं. त्याने नुसता पाला-माती जाते असं नाही. बांगलादेशात चार पदरी साडीतून पाणी गाळणाऱ्या गावांमध्ये कॉलरा ४८ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, कारण कॉलऱ्याचा जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो. नारूचा जंतही असाच पायविहिरीतल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म प्राण्यातून यायचा आणि तो रोखण्यात बारीक जाळीच्या कापडाचा मोठा वाटा होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

कापडानंतरही पाणी गढूळच असेल तर तुरटी. दहा लिटरच्या भांड्यात खडा आठ-दहा वेळा फिरवायचा, पाणी एकदा जोरात आणि मग दोन-तीन मिनिटं हळूहळू ढवळायचं, कमीत कमी अर्धा तास न हलवता ठेवायचं. कणांचे पुंजके होऊन तळाला बसतात. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून घ्यायचं. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम हे लावून द्यावं, स्वयंपाक होईतो पाणी निवळतं. हळूहळू ढवळणं सोडलं तर पुंजके बांधले जात नाहीत आणि "तुरटी चालली नाही" असं म्हणायची वेळ येते.

फिल्टर विकत आणल्यावर गडावर जाऊनच खोकं फोडू नका. घरी एक लिटर नळाचं पाणी त्यातून काढून घड्याळ लावा आणि वेळ लिहून ठेवा. पुढे हीच वेळ दुप्पट झाली आणि उलटा धुऊनही सुधारली नाही, तर तंतू भरले. मग बाटलीचे आटे तपासा. पिळून वापरायच्या अनेक फिल्टरांना २८ मिलिमीटरचे आटे असतात, ते शीतपेयाच्या बाटलीला बसतात. पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचे आटे बरेचदा आखूड किंवा वेगळ्या मापाचे असतात. फिल्टर वरवर बसल्यासारखा वाटतो, आणि पिळलं की सांध्यातून कच्चं पाणी थेंबाथेंबाने चांगल्या बाटलीत उतरतं. ती गळती डोळ्याला दिसत नाही, म्हणून सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून पाहायचा. सोबत आलेली पातळ पिशवी शिवणीवर फाटते, विशेषतः फिल्टर तुंबल्यावर जोर लावला की. शीतपेयाची एक रिकामी बाटली जास्त न्यावी आणि पिशवी कधीही पिळ्यासारखी मुरडू नये, तळापासून गुंडाळत आणावी.

आठ-दहा जणांच्या गटाला पिळत बसण्यापेक्षा चार-सहा लिटरची पिशवी झाडाला टांगून नळीने गाळणं सोपं. पिशवी आणि फिल्टर यांत मीटरभर उंची ठेवा. धार मध्येच थांबली तर बहुधा तुंबलेलं नसतं, नळीत हवा अडकलेली असते. स्वच्छ बाजूची बाटली पिशवीपेक्षा उंच धरून थोडं पाणी उलटं सोडलं की बुडबुडा वर निघून जातो. कच्च्या पाण्याची पिशवी आणि प्यायची बाटली यांवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. अंधारात, थकलेल्या हातांनी, अदलाबदल ठरलेली.

प्रमाणपत्रं वाचताना एनएसएफ या अमेरिकन संस्थेचं ४२ दिसलं तर ते फक्त चव आणि वासाचं आहे, जंतूंचं नाही. ५३ मध्ये पुटी अडवण्याची चाचणी येते. पूर्ण प्युरिफायरसाठी पी२३१ ही कसोटी पाहा: जिवाणू ९९.९९९९, विषाणू ९९.९९, पुटी ९९.९ टक्के. छिद्राच्या मापापुढे 'अ‍ॅब्सोल्यूट' लिहिलेलं हवं. 'नॉमिनल' म्हणजे बहुतेक कण अडतात, सगळे नाही.

परत आल्यावर त्याच दिवशी फिल्टर उलटा धुवा. मोठी, ६० मिलीची सिरिंज, स्वच्छ बाजूने, जोरात, पाणी नितळ येईपर्यंत. नाजूकपणे ढकललं तर पाणी मोकळ्या तंतूंतून वाट काढतं आणि तुंबलेले तसेच राहतात. धुवायला बोअरचं जड पाणी नको, वाळताना क्षार छिद्रांतच बसतात. तसं झालंच असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून पुन्हा धुवा. शेवटचं पाणी क्लोरीनची गोळी विरघळवलेलं घ्या आणि सावलीत नीट वाळवा. ओला फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकला की पुढच्या पावसाळ्यात त्याला बुरशीचा वास येतो. महिनोन्‌महिने पडून असलेला फिल्टर कडक होतो, वापरण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवावा.

तंतू फुटले आहेत का, हे घरीच कळतं. फिल्टर पूर्ण ओला असताना स्वच्छ तोंडाकडून फुंकर मारा. ओल्या छिद्रांतून हवा जात नाही. गेली, तर आत फट आहे आणि तो फेकायचा. दगडावर आपटल्यावर आणि हिमालयातून परत आल्यावर ही चाचणी हमखास करावी, कारण आतलं पाणी गोठलं की तंतूंना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि पाणी उलट जास्त वेगाने येतं. माणूस खूश होतो. केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगेत आणि दिवसा जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतात. त्या थंडीत सरळ उकळणं आणि गोळ्या यांवरच भिस्त ठेवावी हे बरं. गॅसचा डबा मात्र विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाही, तो तिथे पोचल्यावरच घ्यायचा. गोळ्यांची पट्टी विमानातही हातातल्या बॅगेत चालते.